साळुंखे अट

गणितातल्या एखाद्या गोष्टीला ज्याचं नाव लागतं, तो माणूस मरत नाही. राज्यं जातात, राजवाडे पडतात, पुतळ्यांवर कबुतरं बसतात. नाव लागलेली अट मात्र विश्व आहे तोवर टिकते.

हे वाक्य आमच्या प्राचार्यांचं आहे आणि ते त्यांनी दोनदा वापरलं. एकदा साळुंखे सरांच्या निवृत्तीच्या सत्कारात, सर समोर खुर्चीत बसलेले असताना. आणि दुसऱ्यांदा गेल्या हिवाळ्यात, खुर्चीवर सरांचा फोटो ठेवलेला असताना. दोन्ही वेळा सभागृह तेच, माइक तोच, आणि दोन्ही वेळा माइक नेमका 'अट' या शब्दालाच खरखरला. पहिल्या खेपेला सर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले होते, "विश्व आहे तोवर, हे कशावरून?" दुसऱ्या खेपेला हे विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून वाक्य तसंच राहिलं.

सांगलीत विश्रामबागच्या आमच्या कॉलेजात गणित आणि मराठी हे दोन विभाग एकाच खोलीत होते. यामागे काहीतरी थोर शैक्षणिक विचार असावा असं मला सुरुवातीला वाटलं. नंतर कळलं की वाणिज्य विभागाला जागा हवी होती, आणि ज्या विषयांकडे कुणी फिरकत नाही ते एका दाराआड केले होते. मधे एक लोखंडी कपाट. त्याच्या अलीकडे मी; पलीकडे सर, एक फळा आणि चार बाक, कारण त्यांचे लहान वर्ग तिथंच भरत. मला ते 'मराठीवाले' म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण नावापेक्षा व्याख्या बरी, असं त्यांचं मत होतं.

सर बुटके, काळेसावळे, भक्कम. शर्टाच्या खिशात इतरांचं पेन असतं तिथं यांचा खडूचा तुकडा. त्यामुळे त्यांचा प्रत्येक शर्ट डाव्या छातीवर पांढरा पडलेला असे, आणि वहिनींनी शेवटी पांढरेच शर्ट शिवायला सुरुवात केली. खुर्चीत एक पाय दुमडून बसायची सवय. उठायची वेळ आली की चपला टेबलाखाली कुठंतरी गेलेल्या असायच्या. पन्नास माणसांच्या सभेत सरांच्या नावाचा पुकारा व्हायचा, टाळ्या सुरू व्हायच्या आणि सर खाली वाकून चपला चाचपत असायचे. टाळ्या वाजवून लोकांचे हात दुखायचे.

वर्गात ते शुद्ध मराठीत शिकवत, कारण गणितात 'हाय' आणि 'न्हाई' चालत नाही असा त्यांचा समज होता. फोनवर गावाकडचं कुणी असलं की मात्र कपाटापलीकडून दुसराच माणूस बोलू लागे. "व्हय व्हय, येतो की रं. म्हशीला काय झालं?" गाव विट्याच्या पुढचं. भाऊ, पुतणे, मेहुणे सगळे गलाईच्या धंद्यात. कुणी कोचीनला, कुणी कोइमतूरला सोनं गाळत बसलेला. घरात एकट्या यांनाच सोन्यात रस नव्हता, आणि याचं घरच्यांना जरा वाईटच वाटे. दारी आलेल्या पाहुण्यानं धाकट्याची चौकशी केली की त्यांची आई सांगायची, "त्यो कालिजात हाय. वाकल्यालं मोजतोय."

सरांच्या संशोधनाची याहून चांगली ओळख मी ऐकलेली नाही. त्यांच्या सत्काराच्या मानपत्रात मी स्वतः एक दीड पानी ओळख लिहिली होती, ती धरूनही.

ते नक्की काय मोजतात हे त्यांनी मला एकदा डब्याच्या वेळी सांगितलं. उसाच्या रानात सरीच्या तोंडाशी उभं राहिलं की लांब टोकाला सगळ्या सऱ्या एका ठिकाणी मिळाल्यासारख्या दिसतात. "आपल्या रानात ते नुसतं दिसतं," सर म्हणाले, "प्रक्षेपीय अवकाशात त्या खरंच मिळतात." अशा अवकाशाच्या आत, दुधावर साय असावी तसे, पदर असतात. पदर दोन तऱ्हांनी वाकतो. एक त्याचं स्वतःचं, अंगचं वाकणं. दुसरं, तो ज्या अवकाशात राहतो त्यानं त्याला वाकवलेलं. मग त्यांनी डब्यातली चपाती उचलली. नुसती धरली तर ती पुढं लोंबली. कडेनं जरा पन्हाळीसारखी दुमडली तर ताठ उभी राहिली. "एका बाजूनं वाकवली की दुसऱ्या बाजूनं वाकायला नाही म्हणते. अंगची वक्रता शून्य आहे तिची. ती तेवढी सोडत नाही."

मी मराठीचा माणूस. मला लगेच पुढचं सुचलं. म्हटलं, "माणसाचंही तसंच असतं, सर."

"माणसाचं मला ठाऊक नाही," सर म्हणाले. "मी चपातीचं सांगतोय." आणि ती खाल्ली.

सरांनी तरुणपणी या पदरांना एक अट घातली. दोन्ही वाकणी एका ठरावीक शिस्तीत राहिली पाहिजेत, अशी काहीतरी. तीच साळुंखे अट. नाव त्यांनी दिलेलं नव्हतं; परदेशातल्या कुणीतरी एका लेखात तसं म्हटलं आणि ते राहिलं. पुढं जन्मभर सरांनी ही अट पाळणाऱ्या पदरांविषयी एकामागून एक प्रमेयं सिद्ध केली. असा प्रत्येक पदर आटोपशीर असतो, त्याला कड नसते, त्याला भोक नसतं. इथं जोड्याला भोक पडलं तरी आम्ही दोन महिने चालवत होतो. सर त्या अवकाशात कशाला भोक नाही ते बघत होते.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे तीन शब्द. "एक तरी दाखवा." विद्यार्थ्याला 'दाखव', बरोबरीच्याला 'दाखवा'. कुणीही कुठलंही सरसकट विधान केलं की सर मान वर करत आणि हे म्हणत. 'पूर्वीचे विद्यार्थी गुरूंना मान देत.' एक तरी दाखवा. 'सगळी थोर माणसं पहाटे उठतात.' एक तरी दाखवा. आणि समोरच्यानं एक दाखवला की सर मनापासून खूश होत. त्यांना कुणाला खोटं पाडायचं नसे. आहे ना खरंच, एवढंच बघायचं असे.

माझ्या लिखाणावर याचा जो परिणाम झाला त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. तोवर माझ्या लेखात प्रत्येक संध्याकाळ कातर असे आणि प्रत्येक म्हातारी सोशिक. सर माझा छापून आलेला लेख वाचत आणि कपाटापलीकडून फक्त विचारत, "मराठीवाले, ही म्हातारी कुठली?" म्हातारी कुठलीच नसे. हळूहळू मी माझ्या लेखांतून नसलेल्या माणसांना काढून टाकलं. लेख लहान झाले. वाचण्याजोगे झाले.

मूल्यांकन समिती यायची होती तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे एक भाषा प्रयोगशाळा होती. म्हणजे पाटी होती, कुलूप होतं, संगणक यायचे होते. अहवालात लिहिलं होतं, 'भाषा प्रयोगशाळा अद्ययावत संगणकांनी सुसज्ज आहे.' अहवालावर सही करणाऱ्यांत सर होते. ते म्हणाले, एक तरी दाखवा. प्राचार्यांनी त्यांना बोलावून संस्थेच्या हिताविषयी बराच वेळ सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं, खिशात हात घातला, खडू निघाला, माझ्याकडून पेन घेतलं, ते वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं: 'भाषा प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणक उत्तम स्थितीत आहे. आजवर एकही बिघडलेला नाही.' खाली सही.

प्राचार्यांनी त्यांचे हात हातात घेतले. बाहेर आल्यावर मी विचारलं, सर, हे खोटं नाही का? "बिघडलेला एक तरी दाखवा," सर म्हणाले. मग त्यांनी समजावलं की जिथं एकही नाही तिथं 'प्रत्येक' म्हणून काहीही सांगावं, ते खरंच असतं. गणितात याला हरकत घेत नाहीत. समितीच्या अध्यक्षांनीही घेतली नाही. कुलपाची किल्ली ऐनवेळी सापडेना, तेव्हा त्यांनी दारावरची पाटी पाहिली आणि शेऱ्यात देखभालीचं खास कौतुक केलं.

वैशाली मोहिते ही सरांची शेवटची संशोधक विद्यार्थिनी. औंधच्या बाजूच्या गावातली, फौजेतून हवालदार होऊन परतलेल्या वडलांची थोरली मुलगी. साळुंखे अट पाळणारे पदर हाच तिचा विषय. कॉलेजात तासावर शिकवायची आणि उरलेल्या वेळी सरांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहायची. कमी बोलायची. बोलली तर शेवटपर्यंत बोलायची.

एकदा हवालदार मोहिते स्वतःच आले. टेबलासमोर सावधान उभे. सरांनी बसा म्हटल्यावर बसले, पण तेही सावधानच.

"सर, पोरीचं मिशन कवा कंप्लीट हुणार? घरात पाव्हण्यांची लाइन लागलीया. साताऱ्याच्या कालिजात पक्की जागा निघणार म्हनत्यात. पदवी हातात आली, जागा मिळाली, तर मी गप बसतो. तिच्या मनाप्रमाणं. न्हाई मिळाली, तर आवंदा जूनमधी बार उडवायचा. जबान दिलीया मी."

वैशाली कोपऱ्यात खाली मान घालून लिहीत होती. लिहिणं थांबलं नव्हतं, पण ओळ पुढं जात नव्हती.

मुलगा कसा बघताय, सरांनी सहज विचारलं. हवालदारांनी अटी सांगितल्या. फौजेतला पाहिजे, पण बदली नको. शेती पाहिजे, पण शेतात राबणारा नको. एकुलता पाहिजे, पण घर भरलेलं पाहिजे.

"असा एक तरी दाखवा," सर म्हणाले.

हवालदारांनी बराच विचार केला. "एक हुता," ते म्हणाले. "त्याचं लगीन झालं."

सर एवढे खूश मी क्वचित पाहिले आहेत. "मग अट उत्तम आहे," त्यांनी हवालदारांना सांगितलं. "अटीत एक बसला की बास. तिची पदवी वेळेत होईल, ते माझ्याकडं लागलं." मोहित्यांनी उठून सलाम केला. सरांनी उलट सलाम करायला उठायचं म्हणून चपला शोधल्या, तोवर ते जिना उतरून गेले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी, सर तासावर असताना, वैशाली कपाटाच्या अलीकडे माझ्या टेबलाशी आली. प्रबंध बांधायला जायच्या बेतात होता. सरांची निवृत्ती आणि सत्कार महिन्यावर आला होता.

"सर, एक विचारू? मराठीतलंच आहे. 'प्रत्येक' म्हटलं की निदान एक तरी असतो ना?"

मी म्हटलं, व्याकरणात असं धरून चालतात.

"गणितात चालत नाहीत," ती म्हणाली आणि रडायला लागली.

रडणं थांबल्यावर तिनं सांगितलं ते असं. प्रबंधाच्या शेवटी एक उदाहरण द्यावं असं तिला वाटलं. सर सगळ्या जगाला 'एक तरी दाखव' म्हणतात, तर तोंडी परीक्षेत कुणी हेच विचारलं तर हाताशी असावं. सरांच्या पहिल्या लेखात याबद्दल एकच वाक्य होतं: अशी उदाहरणं सहज देता येतील. त्या 'सहज'वर सगळे विसंबले होते. सर विसंबले, लेख छापणारे विसंबले, परदेशातला तो नाव देणाराही विसंबला. तिनं द्यायला घेतलं तर येईना. दुसरं घेतलं, तेही अटीत बसेना. मग का बसत नाही हे बघत गेली, तर शेवटी सिद्धच झालं की बसणारं एकही नाही. साळुंखे अट पाळणारा पदर कुठल्याच प्रक्षेपीय अवकाशात नाही. नव्हता.

"म्हणजे सरांची प्रमेयं चुकली?"

"नाही ना सर. तेच तर. सगळी बरोबर आहेत. माझीपण."

मला भाषा प्रयोगशाळा आठवली.

ती गप्प राहिली असती तर काहीही बिघडलं नसतं. प्रबंधात एक अक्षर खोटं नव्हतं. पदवी मिळाली असती, साताऱ्याची जागा मिळाली असती, सरांचा सत्कार निर्विघ्न पार पडला असता. आणि बोलली, तर प्रबंध मुळापासून पुन्हा लिहायचा, तो वेळेत होईल याची खात्री नाही, जून समोर, वडलांची जबान दिलेली. आणि ज्या माणसानं तिला इथवर आणलं त्याच्या जन्मभराच्या कामाला, त्याच्या निरोपाच्या महिन्यात, सांगायचं की हे सगळं रिकामं आहे. मी काय सल्ला दिला असता कोण जाणे. तेवढ्यात तास संपला आणि सर आले.

ती उठली. कपाटाला वळसा घालून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सर," ती म्हणाली, "एक तरी दाखवा."

सर हसले. "कशातलं?"

"तुमच्या अटीतलं."

सरांनी खिशातून खडू काढला. फळ्याशी गेले, सगळ्यात साधा पदर घेतला. ती म्हणाली, इथं शून्य येतं, सर. त्यांनी दुसरा घेतला. ती म्हणाली, हा माझा तिसरा होता. पुढच्या तासाची मुलं दारात येऊन उभी राहिली, फळ्याकडे बघून आपापली निघून गेली. मी मागवलेल्या चहावर साय धरली. फळा भरला, पुसला, भरला. मग सरांनी खडू तिच्या हातात दिला आणि ते मुलांच्या बाकावर जाऊन बसले. तिनं सिद्धता लिहिली. मधे सरांनी दोनदा अडवलं, दोनदा ती पुढं गेली.

शेवटची ओळ झाल्यावर सरांनी फळा पुन्हा वरपासून वाचला.

"न्हाईच की गं," सर म्हणाले.

त्या खोलीत, विद्यार्थ्यासमोर, गावाकडची भाषा त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली. ते उठले, चपला न घालताच बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं. वाहनतळावर आपल्या स्कूटरवर बसले होते, चालू न करता, हँडल धरून. कुणीतरी नमस्कार केला तर मान हलवली. वैशाली खडू तसाच धरून उभी होती. मी तिला बस म्हणालो, ती बसली नाही.

बऱ्याच वेळानं ते परत आले. पायाला वाळू लागलेली.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"आठवडा झाला, सर."

"आठवडाभर जेवत होतीस का नाहीस?"

तिनं हातातला खडू टेबलावर ठेवला. सर माझ्याकडे वळले. "मराठीवाले, माझे पेपर म्हणजे तुमच्या लॅबमधले संगणक निघाले. एकही बिघडलेला नाही." आणि मग, खुर्चीत पाय दुमडून बसत, "हवालदारांच्या अटीत निदान एक तरी बसत होता."

वैशाली म्हणाली की हवं तर हे पुढं कधीतरी वेगळं छापू, आत्ता प्रबंधात नको, तुमचे पेपर आहेत, सत्कार आहे. सरांनी तिला पुरतं बोलू दिलं.

"पेपरांची काळजी करू नकोस. ते खरे आहेत. खरं असण्यात त्यांनी कधी कसूर केलेली नाही. तू हे पहिल्या पानावर लिही. बाकीची प्रकरणं काढून टाक. आणि आता घरी जाऊन जेव."

बाकीची प्रकरणं काढल्यावर प्रबंध फार बारीक झाला. आमच्याकडे विद्वत्ता जाडीवर ओळखतात, त्यामुळे हा मोठाच पेच होता. सर आणि ती रोज कपाटापलीकडे बसत. अट कितपत ढिली केली की पहिला पदर सापडतो, याचा शोध त्यांनी घेतला, आणि एके दुपारी तो सापडला. सरांनी मला पलीकडे बोलावून फळ्यावर दाखवला. मला कंस आणि घातांक दिसले. पण सर त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होते तसं मी माणसाला नातवाकडे बघताना पाहिलेलं आहे. "हा आहे," ते म्हणाले. "हा खरंच आहे." प्रबंध महिनाअखेर गेला. बारीकच होता.

सत्काराआधी सरांनी प्राचार्यांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, सत्कारानंतर बघू. फ्लेक्स छापून झालाय. फ्लेक्स खरोखरच छापून झाला होता. सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर सरांचा चेहरा, दाराएवढा, आणि खाली 'जगप्रसिद्ध साळुंखे अटीचे जनक'. भाषणं झाली. विश्व आहे तोवर अट टिकेल असं ठरलं. मानपत्र मीच वाचलं. मग सरांच्या नावाचा पुकारा झाला, चपला सापडल्या आणि सर माइकपाशी गेले.

त्यांचं भाषण तेवढंच होतं: "मी जन्मभर काही पदरांविषयी बोलत आलो. ते पदर नाहीत, हे वैशाली मोहिते यांनी दाखवून दिलं. आमच्या विभागात झालेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे. आता त्या सांगतील."

तिनं सांगितलं. सभागृहाला काही कळलं नाही, पण माणूस स्वतःच्या सत्कारात दुसऱ्याला पुढं करतोय एवढं कळलं, आणि टाळ्या झाल्या. प्राचार्यांना वाटलं अटीचा आणखी काही बहुमान झाला. त्यांच्या टाळ्या सगळ्यात मोठ्या. माझ्या शेजारी हवालदार मोहिते होते, कोटावर पदकं लावून. ते माझ्या कानाशी लागले.

"सर, पोरीनं सरास्नी हरवलं म्हनायचं का?"

मी म्हटलं, तसंच काहीसं.

"मग सर हसत्यात कशापायी?"

हवालदारांनी पुन्हा व्यासपीठाकडे पाहिलं आणि बाकीचे थांबल्यावरही ते एकटेच टाळ्या वाजवत राहिले.

तोंडी परीक्षेला बाहेरून जे परीक्षक आले त्यांनी स्वतः साळुंखे अटीवर दोन लेख लिहिले होते. ते दारातून आत आले तेव्हाच त्यांचा चेहरा सांगत होता की प्रबंध त्यांनी वाचलाय. वैशालीची सिद्धता त्यांनी ओळ ओळ अडवून ऐकली. एका पायरीवर ते इतका वेळ थांबले की तिनं फळ्याला हात टेकला. मग त्यांनी पेन बंद केलं आणि सरांकडे वळून, अगदी सरळ, विचारलं, "साळुंखे, आता आपण काय करायचं?"

"पोहे खाऊ या," सर म्हणाले.

पोहे खाल्ले. जाण्याआधी परीक्षकांनी वैशालीला सिद्धतेची एक प्रत मागितली आणि तिच्यावर तिची सही घेतली. साताऱ्याची जागा तिला मिळाली. हवालदारांनी जबान पाळली; पाहुण्यांची रांग त्यांनीच मोडून काढली, ती फौजेच्या पद्धतीनं.

पुढं तिनं तो निकाल छापायला पाठवला. सरांचं म्हणणं होतं, अटीचं नाव काढ, नुसतं 'अट क' म्हण. एवढ्या एका गोष्टीत तिनं त्यांचं ऐकलं नाही. सरांचे जुने लेख आता कुणी उघडत नाही, उघडायचं कारणही उरलेलं नाही. तिचा लेख मात्र उघडतात, कारण एवढं सुंदर 'नाही' क्वचित सापडतं म्हणे. गणितात साळुंखे सरांच्या नावाची एकच वस्तू आहे: साळुंखे अट पाळणारा पदर. तो अस्तित्वात नाही, आणि त्याचं नाव मात्र पक्कं झालं आहे. प्राचार्यांचं वाक्य, जरा वेगळ्या वाटेनं, खरं निघालं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या गावी, निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात. मी सांगलीहून एसटीनं विट्याला गेलो, वैशाली साताऱ्याहून आपल्या नव्या गाडीतून औंधच्या यमाईचा प्रसाद घेऊन आली, तिथून आम्ही दोघं पुढं. आदल्या दिवशी वळीव पडून गेला होता. सर घरात नव्हते. वहिनी म्हणाल्या, मागं गंजीपाशी असतील.

गोठ्यामागं शाळूच्या कडब्याची भलीमोठी गंज रचलेली होती. तिच्यावर सत्काराचा फ्लेक्स, चारी टोकांना दगड बांधून. 'जगप्रसिद्ध' एका उतारावर, 'जनक' दुसऱ्या. सर शिडीवर उभे राहून कड खोचत होते. आम्हाला बघून उतरले, आणि चपला शोधायला लागले.

मी म्हटलं, सर, तुमच्या तोंडावर सुरकुती पडलीय. पडलीच होती, कपाळापासून हनुवटीपर्यंत, नाकाच्या एका बाजूनं.

"पडणारच," सर म्हणाले. "सपाट वस्तू गोलावर बसत न्हाई. कुठंतरी दुमडतेच. मी गंज चापून गोल केली, पाणी साचू नये म्हणून." मग वैशालीकडे बघून, "याचं उदाहरण मात्र आहे बरं का."

ती गंजीभोवती सावकाश एक चक्कर मारून आली. सुरकुतीवरून तिनं बोट फिरवलं. म्हणाली, "सर, काल एवढा पाऊस झाला. आत गेला नाही?"

सरांनी स्वतःच्या गालाखालून कोपरापर्यंत हात आत घातला, एक पेंढी ओढून काढली आणि त्यातलं शाळूचं एक धाट तिच्यासमोर कडकन मोडलं.

कडबा कोरडा होता.